ऐनवेळचं आम्ल

“पुन्हा सगळे लालच,” मुलगी म्हणाली आणि स्टुलावर मटकन बसली.

प्रयोगशाळेतल्या मावशींनी बाटली धुता धुता तिरक्या नजरेने पाहिलं. बारा थाळ्या, त्यांत जंतूंचे लालभडक ठिपके. नायट्रस आम्लाने जंतूच्या मूळ घडणीत फरक पडला, तर एखादा ठिपका पांढरा उगवतो. त्या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे पोरगी तीन महिने हात धुऊन लागली होती.

“शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर सर विषयच बंद करणार आहेत, मावशी.”

मावशींचा जीव तुटला. चूक त्यांना दिसत होती, पण बाटल्या धुणारीने पीएचडीवालीला शिकवायचं कसं? पोरगी शिस्तीची. सकाळी दहालाच आम्ल तयार करायची आणि जेवून आल्यावर वापरायची. शेवटी मावशींना राहवलं नाही.

“रागावणार नसशील तर बोलते. ते आम्ल टिकत नाही गं. आमच्या मोठ्या बाई ऐनवेळी पावडर मिसळून ते करायच्या. तुझी बाटली सकाळी नाकाला झोंबते, दुपारी तिला वासही नसतो. तू जंतूंना नुसती आंघोळ घालतेस.”

मुलगी बघतच राहिली. “तीन महिने आंघोळ?”

“अगदी स्वच्छ झालेत.”

दोघीही हसल्या. मंगळवारी आम्ल ऐनवेळी केलं, घड्याळ मावशींनी धरलं. गुरुवारी एका थाळीत तीन पांढरे ठिपके होते. मुलीने आधी मावशींना मिठी मारली आणि मग सरांकडे धावली.

मावशींनी ओले हात पुसून मोठ्या बाईंना फोन लावला. या प्रयोगशाळेच्या त्या जुन्या प्रमुख; निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. काम करताना त्या मावशींना सगळं समजावून सांगत. एरवी बाटल्या धुणारीला कोण समजावत बसतं? ते उपकार मावशींनी मनात जपले होते. त्यांनी घडलेलं सांगितलं.

“किती मिनिटं ठेवलं?” बाईंनी लगेच विचारलं.

“आठ.”

“नंतर आम्लाचा जोर मारला ना, वेळेवर?”

“हो. घड्याळ माझ्याच हातात होतं.”

“छान केलंस, पोरी.”

मावशींनी फोन ठेवला. पुढच्या वर्षी त्याही निवृत्त होणार होत्या. त्यांना पोरी म्हणणारं माणूस आता जगात एवढं एकच उरलं होतं.