तपासणीच्या दिवसाची गोळी

"हात सैल सोडा काका, आणि जरा बोलू नका," सिस्टर म्हणाली.

क्रेनवाल्याने हात टेबलावर टाकला. दंडावरचा पट्टा फुगला, आवळला आणि हळूहळू उतरला.

"छान आहे की. गोळी रोज घेता ना?"

"घेतो की," म्हणत तो उठलाही.

कसली रोज! गोळी तो घ्यायचा ती फक्त कारखान्याच्या तपासणीच्या दिवशी. एरवी ना डोकं दुखत, ना छाती धडधडत, मग उगाच कशाला? रोज घेतली की अंगाला सवय होते आणि ऐन वेळी लागू पडत नाही, हे क्रेनवाल्यांचं आपसातलं शास्त्र. रक्तदाब चढलेला सापडला की क्रेनची केबिन सुटली. त्याच्या आधीच्या क्रेनवाल्याची सुटली, तेव्हापासून तो बिचारा फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकत होता. स्टुलाच्या नुसत्या विचारानेच याचा जीव थोडा व्हायचा. त्यात आज निघताना बायको म्हणाली, "अहो, चेहरा कसा उतरलाय तुमचा. मला काही ठीक दिसत नाही." झालं, गड्याने एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या.

केबिनची शिडी तो झोपेतही चढला असता. पण आज निम्म्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तसाच लटकत राहिला. खाली वेल्डर मान खाली घालून काम करत होता. हेच वर बसल्यावर झालं असतं, त्या माणसाच्या डोक्यावर लोखंड टांगलेलं असताना? कोणी पाहिलं नव्हतं. थोडं थांबून वर जाता आलं असतं. पण तो एकेक पायरी चाचपत खाली उतरला आणि पुन्हा सिस्टरपुढे जाऊन बसला.

"मी मघाशी खोटं बोललो, सिस्टर."

तिने आधी बसवून मोजलं, मग उभं करून. उभा राहिल्यावर आकडा आणखी घसरला.

"किती घेतल्या?"

"दोन."

"आणि काल?"

"काल नाही. त्याच्या आधीही नाही."

सिस्टरही सकाळपासून हात मोजून मोजून दमलेली. रागवायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

"अहो काका, रक्तदाब काय पाहुणा आहे, तो यायच्या दिवशीच घर आवरायला? दुखत नाही म्हणूनच तर भीती. आतल्या आत हृदय, मूत्रपिंडं पोखरतो तो. आता डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तेवढीच गोळी, पण रोज, न चुकता. तोवर वर चढायचं नाही."

"आणि मग?"

"मग डॉक्टर ठरवतील," ती पट्टा गुंडाळत म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. तो काय ते समजला. त्याला फार थकल्यासारखं वाटलं.

शेडमध्ये परतला तेव्हा वर दुसऱ्या पाळीचा माणूस बसला होता. हूक भार घेऊन सरकत येत होता. तो बघत उभा राहिला. वरचा छान चालवत होता, घाई नाही, झोका नाही. एवढ्यात वरून घंटा वाजली. वाटेत कोणी आलं की क्रेनवाला ती वाजवतो. कोण कडमडलं मध्ये, म्हणून त्याने वळून इकडेतिकडे पाहिलं.

कोणीच नव्हतं. घंटा पुन्हा वाजली, तसा तो बाजूला झाला.