दारातल्या गाडीची कवायत

मी एक जुनी गाडी आहे, अशी सुरुवात करायची माझी फार इच्छा होती. आपली गोष्ट सांगणाऱ्या सगळ्या वस्तूंची रीतच तशी आहे. फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, आधी म्हाताऱ्या होतात आणि मग बोलायला लागतात. पण मित्रांनो, मी नवी गाडी आहे. माझ्या मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तरी माझ्यावर असा प्रसंग आला की म्हातारपणापर्यंत गप्प बसणं मला जमणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माणसं थोडी आणि लोखंडी हात फार. एका हाताने मला दारं दिली, दुसऱ्याने काचा दिल्या, तिसरा नुसताच हलत होता, त्याचं काम मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यात शेवटी एक बाई आत येऊन बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. त्यांनी माझ्या काचेवर हिरवा ठिपका चिकटवला आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

शोरूममध्ये मला बघायला एक कुटुंब आलं. बाबा, आई आणि त्यांची मुलगी. तिला सगळे धाकटी म्हणतात, तिच्याहून मोठं भावंड कोणी नसलं तरी. चौथी होती बाबांची मोठी बहीण, म्हणजे धाकटीची आत्या. आत्या शाळेत कवायत शिकवायची. अंगाने वाळलेली, चेहरा जरा सुजलेला, पण पाठ अशी ताठ की शोरूममधला विक्रेतासुद्धा तिच्यासमोर नकळत सावधान उभा राहिला. बाबांनी रंग विचारला, आईने डिकी उघडून पाहिली. आत्याने एकच विचारलं, बटण दाबल्यावर लगेच सुरू होते का? विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, नवी गाडी आहे." आत्या हसली नाही.

तिच्या न हसण्याचं कारण मला घरी आल्यावर कळलं. आत्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, लघवी होणंच थांबलं होतं. पोटाला लावलेल्या नळीतून तिचं डायलिसिस घरच्या घरीच चालायचं. दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. कुणा गेलेल्या माणसाचं मूत्रपिंड मिळालं की तिथून फोन येणार होता. फोन एकाच वेळी दोन रुग्णांना जातो, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तुम्ही वेळेत पोचला नाहीत, तर ते दुसऱ्याला मिळेल. आणि पुढचा फोन कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

त्या फोनसाठी मला घेतलं होतं. घरातल्या बाकी वस्तूंना बरीच कामं होती. मला एकच होतं. सुरू होणं.

पहिल्याच दिवशी आत्याने नियम केला की गाडी दारातून हलवायची नाही. फोन आला आणि गाडी बाजारात असली तर? म्हणून बाबा बसने कामावर जायचे, आई भाजीच्या पिशव्या हातात वाहून आणायची, आणि मी फाटकात उभी. माझी चावी माझ्याच बाजूच्या भिंतीवर, आतल्या अंगाला, खास ठोकलेल्या खिळ्यावर. शोधाशोध नको म्हणून. आता मी नव्या जमान्यातली गाडी. चावी जवळ आली की मालक आला असं समजून मी जागी होते. इथे मालक कायमच आलेला. माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नव्हता तो खिळा.

आणि मग कवायत सुरू झाली.

आत्या मध्येच कधीतरी ओरडायची, "फोन." बस, एवढंच. की बाबा अंघोळीतून साबणासकट बाहेर. आई रुग्णालयाची पिशवी घेऊन पळत. धाकटी फाटक उघडायची. चारही दारं धाडधाड लागायची, पट्टे बसायचे, बाबा बटण दाबायचे. मी सुरू. मग दिवे, वायपर, एसी सगळं तपासायचं, गल्ली मोकळी करायला लांबलचक हॉर्न द्यायचा आणि मला बंद करायचं. सगळे खाली उतरून रांगेत उभे राहायचे. आत्या घड्याळ बघून म्हणायची, "बाळ्या, तू पँट घालण्यात वेळ घालवलास." बाबांचं वय बाळ्या म्हणण्याचं राहिलं नव्हतं, पण ते मान खाली घालून ऐकायचे. मग पुन्हा एकदा.

मित्रांनो, सुरू होताना मला बॅटरीतून एक मोठा घोट घ्यावा लागतो. धावायला लागले की तो घोट मी आपोआप परत भरून ठेवते. पण मला धावायलाच कोणी नेत नव्हतं. मी घोटावर घोट घेत होते आणि जागच्या जागी उभी होते.

एका सकाळी "फोन" झाला, पळापळ झाली, बाबांनी बटण दाबलं. माझ्या पडद्यावर "स्वागत आहे" अशी अक्षरं आली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, जे मला स्वतःलाही कधी दिसले नव्हते ते पण. मग आतून टक टक टक असा आवाज आला आणि अंधार. आरशात मला आत्याचा चेहरा दिसत होता. तो मला दिसला नसता तर बरं झालं असतं.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून मला सुरू केलं आणि चालवत गॅरेजात नेलं. गॅरेज लांब होतं. वाटेत मला इतकी हुशारी आली की पोचेपर्यंत मी ठणठणीत. त्याने दहादा बटण दाबलं, दहादा मी सुरू झाले. त्याने बाबांना विचारलं, गाडी रोज सुरू करता ना? बाबा अभिमानाने म्हणाले, रोज म्हणजे काय, दिवसातून कितीतरी वेळा. मग झालं तर, मेकॅनिक म्हणाला. रोज चालवता का, हे त्याने विचारलं नाही. चालवत नाही, हे बाबांनी सांगितलं नाही. अशी ती दोन समजूतदार माणसं समाधानाने एकमेकांचा निरोप घेती झाली, आणि मला घरी आणून पुन्हा फाटकात उभं केलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा टक टक टक. नवी बॅटरी बसवली. तीही बसली. मधूनच माझं घड्याळ बारावर जायचं, एक काच अर्ध्यावर अडकायची, आणि एकदा भर दुपारी कोणी हातही लावला नसताना मी चोर चोर म्हणून बोंब ठोकली. सगळी गल्ली गोळा झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आत्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. आणि विश्वास उडाल्यावर कवायतीच्या बाई काय करणार? त्यांनी कवायत वाढवली. मी सुरू होते का ते बघायला ती मला सकाळी सुरू करून बघायची, जेवणाआधी बघायची, जेवणानंतर बघायची. सुरू झाले की तिला हायसं वाटायचं. ते हायसं वाटणं मला संपवत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

त्यातच तिने शेजाऱ्यांनाही कवायतीत ओढलं. समोर एक लाँड्री होती. लाँड्रीवाल्याचा आणि आमचा हॉर्नवरून आधीच वाद चाललेला. एके दिवशी आत्याने बाबांना रस्त्यात उभं राहून "वाचवा, गाडी बंद पडली, खरा फोन आलाय" असं ओरडायला सांगितलं. लाँड्रीवाला हातात गरम इस्त्री घेऊन धावत आला. आत्याने घड्याळ बघितलं. चांगलं आहे, म्हणाली, पण इस्त्री ठेवून आला असतात तर आणखी लवकर पोचला असतात. त्याच्या दुकानात तोवर कुणाची तरी कॉलर जळाली होती. तो परत गेला आणि त्या दिवसापासून त्याने आमच्या दिशेने बघणंच सोडलं.

घरात माझ्यावरून बोलणी व्हायला लागली. आई म्हणत होती की विकून टाका ही पनवती, भाड्याची गाडी बोलावू. बाबा म्हणत होते की भाड्याची गाडी ऐन वेळी येत नाही म्हणून तर ही घेतली. एका दुपारी आत्या एकटीच येऊन माझ्यात बसली. बटण दाबलं नाही. पुढच्या काचेतून फाटकाकडे बघत हळूच म्हणाली, "आपण दोघी सारख्याच गं. बाहेरून कशा धडधाकट."

फोन आला तो दिवस मला पाठ आहे. सकाळपासून आत्याचं कशानेच समाधान होत नव्हतं. तिने आम्हाला इतक्यांदा पळवलं की धाकटी पायरीवर बसून राहिली. दुपारी सगळे आत गेले. मग खिडकीतून मला घंटी ऐकू आली आणि आत्याचा आवाज. "हो. मीच. हो. निघतो."

आणि घरात कोणीही हललं नाही. कारण खूण ठरलेली होती, आणि आत्या "फोन" असं ओरडलीच नव्हती. तिला ओरडताच येत नव्हतं. ती फोन हातात धरून दारात उभी राहिली. शेवटी धाकटीने वर बघून विचारलं, "आत्या, कोणाचा होता?"

त्यानंतर मात्र अशी धाव झाली की काय सांगू. पिशवी, फाटक, दारं, पट्टे, सगळं एका दमात. इतकी सुंदर कवायत आमची कधी झाली नव्हती. बाबांनी बटण दाबलं.

स्वागत आहे. टक टक टक.

मी होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं. बाबांनी पुन्हा दाबलं. टक. पुन्हा दाबलं. या वेळी तेवढंही नाही. आई मागून म्हणाली, "दाबत राहा." बाबा दाबत राहिले. आईने भाड्याच्या गाड्यांना फोन लावला, कोणीच घेईना. बाबा उडी मारून रस्त्यात गेले आणि लाँड्रीसमोर ओरडले की गाडी बंद पडलीय, खरा फोन आलाय.

लाँड्रीवाल्याने इस्त्रीवरून मान वर केली नाही. म्हणाला, "मागच्या वेळीही खराच होता."

बाबांनी देवाशप्पथ घेतली, धाकटीची शपथ घेतली. तो शर्टाची बाही उलटवून दुसरी बाजू इस्त्री करत राहिला. ती बाही संपेपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आणि मग बाही संपल्यावर त्याने सहज माझ्याकडे नजर टाकली. पुढच्या सीटवर आत्या बसली होती. घड्याळ बघत नव्हती, कोणाच्या चुका काढत नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन नुसती बसली होती.

"बाई गप्प का आहेत?" त्याने विचारलं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली, चावी घेतली आणि आपली व्हॅन थेट आमच्या फाटकाला आणून लावली. मागे पाठवायचे कपडे टांगलेले होते, ते उतरवायला वेळ नव्हता. आत्या त्यांच्यात शिरली, मागोमाग बाबा, आई आणि धाकटीही. एका कोटाखालून तिचे पाय तेवढे दिसत होते. व्हॅन गल्लीच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते काम एका लाँड्रीच्या व्हॅनने केलं. मी चारही दारं सताड उघडी टाकून उभी होते. आतला दिवा आधी पिवळा झाला, मग लाल, मग गेला. एक मांजर येऊन आत्याच्या जागेवर झोपलं. मला हॉर्न वाजवून त्याला हाकलताही येईना.

दिवस मावळायच्या सुमारास लाँड्रीवाला एकटाच परत आला. मांजराला उचलून खाली ठेवलं, माझी दारं एकेक करून लावली. पायरीवरच्या म्हाताऱ्या शेजारणीला सांगत होता की दुसरा पेशंटही पोचलाय, दोघांना आत नेलंय, कोणाला देणार ते अजून ठरायचंय. माझ्या बॉनेटवर त्याने हात ठेवला आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा बसने घरी आले. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. घरात न जाता माझ्यात येऊन बसले आणि त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोकं हॉर्नवर होतं, पण आवाज झाला नाही. त्यांचे खांदे हलत होते. मला काही कळेना. माणसं दोन्ही प्रसंगी सारखीच रडतात, ही त्यांच्या बनावटीतली मोठी चूक आहे.

लाँड्रीवाला धावत आला. हातातली इस्त्री ठेवून आला होता. त्याने काच ठोठावली आणि विचारलं, "काय झालं?"

बाबांनी डोकं वर केलं. "ताईला लघवी झाली."

"किती?"

"भरपूर," बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, थांबतच नाहीये."

आणि मित्रांनो, ती दोन मोठी माणसं भर रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. येणारे जाणारे विचारत होते, काय झालं, आणि ते दोघं खरं कारण सांगत होते.

लाँड्रीवाल्याने त्याच्या व्हॅनच्या बॅटरीला वायरी जोडून मला सुरू केलं. मला लगेच बंद करायची गरज आता कोणालाच नव्हती. त्याच पावली बाबा मला रुग्णालयात घेऊन गेले. मग रोज. कधी आईला सोडायला, कधी डबा द्यायला, कधी नुसतं काचेबाहेरून हात हलवायला. मी पोटभर धावत होते, आणि त्या सगळ्या दिवसांत एकदाही अडले नाही. बाबांच्या ते लक्षात यायला बरेच दिवस लागले. आत्याला आणायला गेलो तेव्हा त्यांनी तिला हे सांगितलं.

आत्या तोंडाला मास्क लावून पुढे बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. एवढी वर्षं शाळेत मुलांकडून जागच्या जागी पाय आपटून घेणारी बाई ती, तिला समजायला वेळ लागला नाही. माझ्या डॅशबोर्डवर तिने तळहात ठेवला. म्हणाली की बिचारीला आपण जपून जपून मारत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, आजारी माणूस असेल, तर त्यांना जपा. पण जपायचं म्हणजे दारात उभं करून रोज तपासत राहायचं नाही. आम्हाला बाहेर न्या. लांब न्या. निदान गल्लीच्या वळणापलीकडे तरी न्या.

त्या दिवशी रुग्णालयाच्या दारातून निघताना बाबांनी सवयीने घराकडे वळायचा दिवा लावला. आत्याने मान हलवली.

"सरळ घरी नको रे बाळ्या," ती म्हणाली. "घाई काय आहे? लांबून घे."