बुटाच्या नाडीतलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं, सुट्या पानांचं पुस्तक आहे. राणीसावरगावच्या बुद्धविहारातल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. परवा इथं बसून एक मुलगी फोनवर पुस्तक उतरवून घेत होती. तेच पुस्तक दोन प्रकारांत मिळत होतं. पीडीएफमध्ये छापील पान जसंच्या तसं दिसे, पण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळे. ईपबमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होई आणि ओळी आपोआप जुळून येत. कोणतं घ्यावं, म्हणून ती बराच वेळ खोळंबली होती. मला तिचं कौतुक वाटलं. हा प्रश्न केवढा मोठा आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

माझा जन्म झाला तेव्हा मराठवाडाभर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते. आमच्या गावात पंडित गुरुजी संध्याकाळी प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवत. चांगुणाबाई त्या वर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज ग्रंथवाचन होई. शेवटच्या दिवसाचं वाचन मात्र चांगुणाबाईंच्या यजमानांचंच, असं गावानं धरूनच चाललं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात ते वारले. चांगुणाबाईंनी मनाशी ठरवलं, की त्या जागी आता आपण बसायचं.

त्यांचे दीर दत्तराव पूर्णेला रेल्वेत होते. माणूस मायाळू, पण घाईचा. ते म्हणाले, "वैनी, कामून तरास घ्यायलात? मी टेप आनतो. कॅसेट लावली की झालं."

"टेप आपल्यासाठी थांबत न्हाई, भावजी," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला एकेक शबूद समजून घ्यावा लागतोय. आन् ह्यांच्या जागी मला बसायचंय. पेटी न्हाई बसवायची."

मग यजमान वाचत तो छापील ग्रंथ काढला. त्याचं अक्षर इतकं बारीक, की चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुरुजी शेजारीच होते. त्यांनी तो ग्रंथ हळूच मिटला. पुढचे कितीतरी दिवस ते मेणकागदावर लोखंडी लेखणीनं बुद्धांच्या जीवनातल्या गोष्टी सोप्या शब्दांत लिहीत बसले. मग सायक्लोस्टाइल यंत्रावर त्या मेणकागदांतून शाई उतरवून माझी पानं काढली; कागद जेमतेम होता, म्हणून प्रत एकच. अक्षर तुरीच्या दाण्याएवढं. शाईचा वास मात्र असा, की पहिले काही दिवस मलाच शिंका यायच्या! गुरुजींनी कडेला भोकं पाडून त्यांत बुटाची नवी नाडी ओवली. नाडी सोडायची, वर्गातल्या प्रत्येक बाईनं एक पान घरी न्यायचं, वाचून आणायचं, पुन्हा ओवायचं. चुलीपुढं, गोठ्यात, शेताच्या बांधावर, कुठंकुठं मला वाचलं म्हणून सांगू! त्याहून सुखाचे दिवस मी पाहिले नाहीत.

पण दत्तरावांना ती नाडी सलत होती. "धम्माचं पुस्तक आन् बुटाच्या नाडीत? न्हाई शोभत," असं म्हणून ते मला परभणीला घेऊन गेले आणि जिल्द बांधून आणली. लाल कापड, पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. खोटं कशाला बोलू, मी भलताच फुशारलो होतो. विहारात सगळ्यांनी हात जोडून मला नमस्कार केला आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. आता पान घरी मागायची कोणाची छाती होईना.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा चांगुणाबाईंनी विहारात सगळ्यांपुढं मला सरावासाठी उघडलं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गडप झालं होतं. दाबून धरलं तरी मी फटकन मिटत होतो. त्या अडखळल्या, पुन्हा अडखळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "टेपच लावा की मंग." तेव्हा मला माझ्या सोनेरी अक्षरांची लाज वाटली.

"भावजी, ही जिल्द काढा," त्या म्हणाल्या.

दत्तराव चपापले. "वैनी, शिवण लय घट हाय. कापावं लागंल. कडंची अक्षरं जातील. आन् धम्माच्या पुस्तकाला पातं लावायचं?"

"तुमी लय मायेनं बांधलं, ते मला कळतंय. पर बांधल्यापून त्ये कुनाच्या घरी न्हाई गेलं. गेलेली अक्षरं आमी लिहू."

दत्तरावांनी जिल्दीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी स्वतःच पातं घेतलं. मित्रांनो, दुखलं. ओळींची पहिली अक्षरं खरोखरच कापली गेली. पण दुसऱ्या दिवशी विहारात वर्गातल्या बाया जमल्या. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि नाडीसाठी तिला पुन्हा भोकं पाडली. जिनं जे पान घरी वाचलं होतं, तिनं त्या पानाची हरवलेली अक्षरं आठवून लिहिली. कोणाचं अक्षर तिरपं, कोणाचं फुगलेलं. गीताबाईंनी तर जीभ दातांत धरून एकेक अक्षर उमटवलं. तोवर त्यांनी सहीखेरीज कागदावर काहीच लिहिलं नव्हतं.

आश्विन पौर्णिमेला पांढरी लुगडी नेसून सगळ्या बसल्या. चांगुणाबाई यजमानांच्या जागी बसल्या. पहिलं पान त्यांनी सावकाश, बोट ठेवून वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही. मग पुढचं पान त्यांनी गीताबाईंच्या हातात दिलं, त्यापुढचं दुसरीच्या. मी विहारभर या हातातून त्या हातात फिरत राहिलो. दत्तराव दाराशी उभे राहून डोळे पुसत होते.

मित्रांनो, मी सगळ्यांचा ऋणी आहे. गुरुजींचा आहे, पातं धरणाऱ्या दत्तरावांचा आहे आणि त्या बायांचा तर सगळ्यांत जास्त. पुस्तक कोणत्याही रूपात घ्या, पण वाचणाऱ्याचे डोळे आणि हात बघून घ्या. जपायचं म्हणून मला बंद करून ठेवू नका. माझ्या डाव्या कडेची अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण प्रत्येक ओळ तिथूनच सुरू होते.