ठसकीची पलीकडची बाजू

डॉक्टरांनी खोक्यातून इंजिन काढून माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी "वा, सुरेख" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आतून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. डॉक्टर दातांचे. आयुष्यभर लोकांच्या दाढा कोरून हात असा बसलाय की पितळी पत्र्यावर खसखशीएवढ्या रिव्हेटांची रांग सुतात उठवतात. मी शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात हयात घालवली. माझ्या इंजिनावरचे रिव्हेट त्यांच्यापुढे गोवर उठल्यासारखे दिसत होते.

इंजिन दोघांचं एकच, आमच्या छोट्या लाइनीवरचं. निघताना दोन-तीनदा ठसका लागल्यासारखं करायचं, म्हणून सगळे तिला ठसकी म्हणायचे. लाइन बंद पडून जमाना झाला. आता आम्हा हौशी म्हाताऱ्यांचं एक मंडळ आहे. दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही टेबलं जोडून ती लाइन मांडतो: फलाट, सिग्नल, पाण्याचा नळ, सगळं वीतभर उंचीचं. यंदा त्यावर ठसकी धावणार होती. बनवायला दोघांनी घेतली आणि धावणार एकच. शाळा बुडवून फलाटावर तिची वाट बघत बसायचो मी. डॉक्टर त्या काळी या भागात राहतही नव्हते. आणि तरी धावणार त्यांचीच, हे मला तिथल्या तिथे कळून चुकलं.

डॉक्टर खोकं बंद करून गेले. बायको चहाचे कप उचलत म्हणाली, "छान आहे हो त्यांचं. पण आमच्या बाजूनं चुकलंय."

"तुमची कसली बाजू?"

"अहो, आमचं घर रुळांच्या पलीकडे नव्हतं का? पाण्याचा नळ आमच्या भिंतीला खेटून होता. ठसकी रोज परसदारी उभी असायची."

मी खुर्चीतून उठलोच. सासुरवाडी रुळांपलीकडे होती हे मला ठाऊक होतं, पण तिकडून इंजिनाची दुसरी बाजू दिसत असणार हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या बाजूचा एकसुद्धा फोटो कुणाकडे नाही. लाइनीच्या टोकाला इंजिन फिरवायची सोय नव्हती. जाताना तोंड पुढे आणि येताना पाठ पुढे, त्यामुळे फलाटाकडे कायम तीच बाजू. फोटो काढणारे सगळे फलाटावर उभे. डॉक्टरांनी एक बाजू फोटो बघून केली आणि दुसरी तिच्यावरून उलटी उतरवली. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण आता माझ्याकडे बायको होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला विचारायला बसलो. ती भाजी निवडायची आणि मी पेन्सिल घेऊन समोर.

"टाकीवर काय होतं?"

"मधोमध ठिगळ होतं, तळहाताएवढं. त्याचे स्क्रू वेगळे होते, मोठ्या डोक्याचे."

"पायरी?"

"खालची वाकडी. तिच्यावर पाय द्यायचाच नाही, थेट वरच्या पायरीवर."

मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. ठिगळ कापलं, डाख देऊन बसवलं, पायरी वाकवली. डॉक्टरांचं तोंड कसं होईल याचा विचार करत मी पितळ घासत होतो आणि चक्क गुणगुणत होतो. केबिनीच्या बाहेर एक हूक होता आणि त्याला हिरवा टिनचा मग टांगलेला असायचा, असंही तिनं सांगितलं. मगाचा कान तुटलेला, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली.

माझी पेन्सिल थांबली. "तारसुद्धा दिसायची तुला? भिंतीआडून?"

"भिंतीआडून कशाला? त्याला मीच दिली होती तार. मशीनच्या खोक्यातली."

"त्याला म्हणजे कुणाला?"

"फायरमनला," ती म्हणाली आणि शेंगांच्या शिरा काढत राहिली.

आता इथे शहाण्या माणसानं विषय बदलला असता. मी म्हणालो, "कसा होता?"

"काळाकुट्ट, कोळशानं. पण नळ सोडला की आधी तोंड धुवायचा आणि मग वर चढून टाकीत नळाची सोंड घालायचा. तोंड धुतल्यावर बरा दिसायचा." पुढची शेंग उचलत ती म्हणाली, "आवडायचा मला."

"बोलायचा काय?"

"काही नाही. टाकी भरेपर्यंत तो बघायचा, मी बघायचे. भरली की ठसकी जायची."

"मग?"

"मग लाइन बंद झाली. त्यानंतर माझं मशीन बिघडलं आणि मी तुमच्या दुकानात आले."

हे तिनं अशा सरळ आवाजात सांगितलं की भांडायलाही जागा नव्हती. तिचं मशीन त्या वर्षी सारखं बिघडायचं. कधी शटल अडकायचं, कधी दोरा तुटायचा. माझी आजवर पक्की समजूत होती की ते माझ्यासाठी बिघडतं. आता वाटायला लागलं की ते खरोखरच बिघडत असावं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. डॉक्टरांचा हेवा त्यापुढे काहीच नाही. डॉक्टर समोर बसून चहा पितात, त्यांची खोड काढता येते. हा पठ्ठ्या कुठे आहे, आहे की नाही, ठाऊक नाही, आणि माझ्या घरात मात्र जिथे तिथे उभा. बाईला सवत असते. पुरुषाला जे होतं त्याला आपल्याकडे शब्दसुद्धा नाही. मी तोंड धुताना आरशात बघायचो. धुऊनही फारसा फरक पडत नव्हता.

आणि गंमत अशी की त्याच्याशिवाय माझं चालतही नव्हतं. ठिगळ त्याच्यामुळे, पायरी त्याच्यामुळे, टिनचा मग तर त्याचाच. मी दात-ओठ खात तो मग केला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. त्याला तारेचा कान लावला. इतकं बारीक काम मी जन्मात केलं नव्हतं.

माणसं शेवटी केली. ड्रायव्हर फोटोत होताच, फलाटाकडे वाकलेला. फायरमनला मी पोट दिलं. टक्कल दिलं. आणि त्याला ड्रायव्हरच्या मागे, फलाटाकडे तोंड करून चिकटवून टाकला. बघ म्हटलं आता काय बघायचं ते.

प्रदर्शनाच्या सकाळी मंडळानं दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली. माझी पलीकडची बाजू बघून सगळे थक्क झाले. अध्यक्षांनी विचारलं, "हे आणलंत कुठून?" मी म्हणालो, "घरून." एकमतानं माझी ठसकी रुळांवर चढली. डॉक्टर हसून "अभिनंदन" म्हणाले, आणि त्यांचं हसू जेमतेम ओठांपर्यंत पोचलेलं बघून मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

ते गार वाटणं टिकलं दोन फेऱ्या. डॉक्टर डोळ्याला भिंग लावून केबिनीत डोकावत होते. दात बघायची सवय.

"मशीनवाले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ड्रायव्हर फलाटाकडे, फायरमनही फलाटाकडे. मग नळाच्या बाजूला कोण? ठसकी पाणी आपलं आपण पिते की काय?"

हॉलभर हशा पिकला. माझे कान तापले. ते बरोबरच बोलत होते. नळ पलीकडे आणि मगही पलीकडे, म्हणजे तो माणूस पलीकडेच हवा. इतकं साधं मला कळत नव्हतं असं नाही. मला तो तिकडे नको होता, एवढंच.

"आता प्रदर्शन उघडायच्या आत दुरुस्त करा," अध्यक्ष म्हणाले. "नाही जमलं तर डॉक्टरांचं चढवू."

मी मागच्या खोलीत इंजिन घेऊन बसलो. बायको शेजारी आली आणि तिनं बॅटरी धरली. मी चिमट्यानं फायरमन उपटून काढला. तिनं त्याला तळहातावर घेतलं, चष्मा वर केला, नीट निरखलं.

"अहो, पोट कशाला दिलंत? सडपातळ होता तो."

"वय झालं की सुटतं," मी म्हणालो.

"तेव्हा कुठे झालं होतं वय?" ती हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू जरा थांबलं. तिला कळलं असावं. ती म्हणाली, "राहू द्या हो. नका लावू त्याला. त्यांचं इंजिन चालवू देत."

एक क्षण मला तेच पटलं. डॉक्टरांची ठसकी चालली असती, तिच्यात फायरमनच नव्हता. मी ओझं उतरल्यासारखा खुर्चीत मागे टेकलो. मग तिच्या तळहातावर तो टकल्या दिसला आणि माझं मलाच हसू आलं. मी कानस घेतली. पोट घासलं. टकलावर काळ्या रंगाचा ठिपका दिला, केस म्हणून. आणि त्याला पलीकडच्या दारात उभा केला, बाहेर तोंड करून.

हॉल भरला. लोक पुढे फलाटाच्या बाजूला गर्दी करून उभे होते. आम्ही चालवणारे नेहमी मागे, रुळांच्या पलीकडे असतो. तिथे देखावा नसतो, नुसत्या उघड्या फळ्या आणि वायरी. बायको तिथे नळाशेजारी स्टुलावर बसली होती, डोळे रुळांच्या उंचीला. तिच्या घराची जागा तीच.

मी बटण फिरवलं. ठसकी बोगद्यातून आली, फलाटाला लागली, नळापाशी थांबली. गाडीला पुढून टाळ्या पडल्या. मी बायकोकडे बघितलं.

तिचा हात कानामागे गेला. बट सारखी केली. डोळे दारातल्या त्या ठिपक्यावर खिळलेले, आणि चेहरा असा की जणू अजून कुणी तिला हाक मारलेली नाही आणि ती हाक येणार हे तिला माहीत आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो चेहरा पहिल्यांदा बघत होतो. तो माझ्यासाठी नव्हता. असा चटका बसला की वाटलं, बटण फिरवावं आणि गाडी हाकलावी.

"मशीनवाले," पुढून डॉक्टर ओरडले, "गाडी का थांबलीय? अडकली का?"

मी बटणावरचा हात काढून खिशात घातला.

"अडकली नाही," मी म्हणालो. "पाणी भरतेय."