अर्जुनाच्या गाडीतलं मिसिंग

अर्जुना आटपाडीचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, ह्यानं ट्रक घेतला. हंगाम असेल तसं डाळिंब, नाहीतर तासगावचा बेदाणा, आणि काहीच नसलं तर कडबा. गाडी आता जुनी झाली होती, पण तिच्या इंजनाला केरबाशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना त्यानं लागू दिला नव्हता. केरबाचं गॅरेज तासगावच्या बाहेर होतं. तरुणपणी दोघं एकाच मालकाकडं कामाला होते, एक ड्रायव्हर, एक फिटर. तेव्हापासूनची दोस्ती.

शिवरात्रीच्या सुमाराला अर्जुना गाडी घेऊन आला. खाली उतरत म्हणाला, "केरबा, मिसिंग मारतीया रं. चढाला पार दम सोडती. भिवघाटात बंदच पडली."

केरबानं इंजन चालू ठेवलं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघितला. चालत्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजनाचा आवाज लगेच पडतो. तिसऱ्याचा नट ढिला केला तरी आवाज होता तसाच राहिला. म्हणजे तिसरा आधीपासूनच बंद होता, मिसिंग त्याचंच होतं. नोझल काढला तर टोक काजळीनं भरलेलं. डिझेल फवारायच्या ऐवजी नुसतं गळत होतं. त्यानं नवा नोझल बसवला, फिल्टर बदलला, पाइपांत धरलेली हवा काढली. इंजन सरळ चालायला लागलं. अर्जुना बॉनेटला हात लावून थोडा वेळ उभा राहिला, आणि समाधानानं गेला.

थोड्याच दिवसांत तो परत आला.

"केरबा, मिसिंग मारतीया रं. चढाला पार दम सोडती. भिवघाटात बंदच पडली."

केरबाला ते मनाला लागलं. आपल्या हातून काम कच्चं राहिलं असं त्याला वाटलं. त्यानं परत सगळे नट ढिले करून बघितले. सगळे सिलिंडर नीट मारत होते. टॅपेट सेट केले, नोझल सांगलीला नेऊन तपासून आणले, पंप बघितला. कुठंच काही सापडेना. शेवटी टाकी खोलली, तिच्या तळाला थोडा गाळ निघाला. तेवढ्यावरच केरबाला हायसं वाटलं. टाकी धुऊन त्यानं गाडी परत दिली.

द्राक्षं संपत आली तेव्हा अर्जुना तिसऱ्यांदा आला. तेच बोलला. चढाला पार दम सोडती, भिवघाटात बंदच पडली. हात पुसता पुसता केरबा थांबला. शब्दसुद्धा तेच होते, त्याच क्रमानं.

"मागल्या खेपेला टाकी धुतली आपण. ध्यानात हाय का?" त्यानं विचारलं.

"कवा?" अर्जुना म्हणाला. मग लगेच हसला. "हां, धुतली की." पण बोलताना तो केरबाच्या चेहऱ्याकडं बघत होता, बरोबर बोललो का ते तिथं वाचायला मिळेल असा.

"चल, मी बी येतो संगं," केरबा म्हणाला. "कुठं मारती ते दाव मला."

अर्जुना गाडी चांगली चालवत होता. गिअर बदलताना कुठं झटका नाही की घाई नाही. केरबा शेजारी बसून सगळा वेळ इंजनाकडं कान देऊन होता. चढ लागला, गाडी सरळ वर आली. एकदाही चुकली नाही.

भिवघाटच्या फाट्यावर अर्जुनानं गाडी कडेला घेतली. इथून एक रस्ता विट्याला जातो, एक जतकडं, एक आटपाडीला. त्यानं इंजन बंद करायची तार ओढली. इंजन थांबलं.

"बघितलंस? पडली का न्हाई बंद?"

"अर्जुना, तार तू वढलीस."

दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अर्जुना समोरच्या रस्त्यांकडं आळीपाळीनं बघत होता. शेजारून विट्याची एसटी निघून गेली.

"आटपाडीचा रस्ता कंचा रं?" त्यानं हळूच विचारलं.

केरबानं हातानं दाखवला. मग म्हणाला, "सरक हिकडं. मी चालवतो."

घरासमोर किल्ली अर्जुनाच्या हातात देऊन केरबा स्टिअरिंगवरून उतरताना दिसला तेव्हा धोंडुबाईनं, अर्जुनाच्या बायकोनं, काही विचारलं नाही. अर्जुना हातपाय धुवायला मागं गेला, तेव्हा ती बोलली. "दिवाळीपास्नं असंच हाय, भावजी. पोरीच्या गावाला निघालं आन् कराडला गेलं. तुमच्याकडं जातो म्हणलं की मला बरं वाटायचं. तितं त्यास्नी वळखणारं माणूस हाय."

"मला सांगायचं न्हाई व्हय, वैनी?"

"काय सांगू? सारखं गाडीतच खोट हाय म्हणायचं. मला बी वाटायचं, गाडीचंच निघू दे."

अर्जुना येऊन कट्ट्यावर बसला. त्यानं ऐकलं होतं की नाही, कळत नव्हतं. केरबा त्याच्या शेजारी बसला.

"गाडीत काय न्हाई, अर्जुना. मी समदं बघितलं."

"नोझल बघितलंस?"

"बघितलं."

"पंप?"

"पंप बी बघितला."

"टाकी?"

"धुतली."

प्रत्येक उत्तराला अर्जुना मान हलवत होता. मग तो अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडं बघत बसला.

"मंग ऱ्हायलो मीच," तो म्हणाला.

केरबानं सांगितलं, की मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखवू, मी येतो बरोबर. पण आजपासून गाडी चालवायची नाही. खिशातून किल्ली काढून अर्जुनानं धोंडुबाईच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा झाल्यावर केरबा निघाला. अर्जुनाही उठला. "चल, सोडतो तुला स्टँडवर," म्हणत त्यानं खिशात हात घातला. हात तसाच खिशात राहिला. त्यानं धोंडुबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

"चालतच जाऊ," तो म्हणाला.

दोघं रस्त्याला लागले. अर्जुना नव्या बोअरला किती पाणी लागलं ते सांगत होता, केरबा हूं हूं करत होता. धोंडुबाईनं दाराला कडी घातली, पायात चपला सरकवल्या आणि थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागनं निघाली. परत येताना अर्जुनाच्या सोबतीला कुणीतरी पाहिजे होतं.