जो बघतो त्याने लिहायचं नाही

पानं झडून सावरीचं झाड लाल फुलांनी भरलं की नवरा-बायको पहाटेच समोरच्या मचाणावर चढून बसायची. नियम एकच: जो बघतो त्याने लिहायचं नाही. तिची नजर फांदीवर, त्याची वहीत. "मैना, दोन. चौथं फूल. कपाळ पिवळं," ती पुटपुटायची आणि त्याची पेन्सिल चालायची. मकरंदासाठी डोकं खुपसलेल्या पक्ष्याच्या कपाळाला पराग लागतो आणि त्याच्याबरोबर पुढच्या झाडावर जातो. सात वर्षं दोघं हेच मोजत होती.

यंदा तो जहाजावर होता. रजा मिळाली की बहर संपायच्या आत येतो, म्हणाला होता. बहर जेमतेम तीन आठवड्यांचा.

ती एकटीच बघायची, एकटीच लिहायची. वहीकडे मान वळवली की फांदी हलायची, वर बघेपर्यंत पक्षी पसार. आकडे निम्म्यावर आले.

"पक्षी आटले म्हणायचे," मदतनीस मामा म्हणाले. पक्षी न शिवता फळ धरतं का ते बघायला काही कळ्यांना जाळ्या बांधायचं काम त्यांचं.

"पक्षी तेवढेच आहेत, मामा. माणूस कमी आहे."

"मग मी लिहितो की."

"तुम्हाला सही करायला अर्धा तास लागतो."

"लागू दे. पक्ष्यांना कुठे ऑफिस गाठायचंय?"

ती हसली.

अठराव्या दिवशी फोन आला. "अगं, माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही. अजून महिना तरी." मागे इंजिनाची घरघर. "फुलं किती राहिलीत?"

"एक फांदी."

"बरं. जेवलीस?"

"जेवले. तू?"

दुसऱ्या सकाळी तिने वही पिशवीतून काढलीच नाही. नजर न हलवता ती बोलत राहिली, मोठ्याने. "बुलबुल, एक. वरचं फूल. मैना, तीन."

मामांनी खालून थोडा वेळ ऐकलं. "बाई, लिहितंय कोण?"

"कोणी नाही."

"मग सांगताय कोणाला?"

फांदीवर कोतवाल पक्षी येऊन बसला होता. त्याचं काळंभोर कपाळ परागाने माखलं होतं. "कोतवाल, एक," ती म्हणाली, आणि सवयीने पेन्सिलीच्या आवाजासाठी थांबली.

संध्याकाळी तिने त्या तारखेपुढे 'नोंद नाही' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात: 'नोंदणारा गैरहजर.'