डावीकडे वळलेली पाटी

मित्रांनो, लोक माझ्याकडे क्षणभर बघतात आणि लगेच पाठ फिरवून चालू लागतात. मी वाईट वाटून घेत नाही. माझं कामच तसं आहे. मी डोंगरातल्या एका लहानशा गावाच्या फाट्यावर उभी असलेली जुनी पत्र्याची पाटी आहे.

माझा जन्म खालच्या बाजारपेठेत, एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने माझ्यावर ‘प्राचीन बौद्ध विहार’ अशी अक्षरं काढली आणि खाली एक बाण. ‘प्राचीन’ काढण्यात तो इतका रमला की ‘विहार’ला जागाच उरली नाही; तो बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे. खरा विहार मात्र ऐसपैस आहे म्हणतात. कड्यात कोरलेल्या भिक्षूंच्या खोल्या, दगडी ओटे, मधोमध स्तूप. हे सगळं ऐकीव. जन्मभर मी इतरांना तिकडे पाठवलं. मला कुणी ‘तूही चल’ म्हटलं नाही.

माझा बाण उजवीकडच्या चढणीकडे होता. एके दिवशी एका शेळीने माझ्या खांबाला मान घासली. तिची खाज गेली आणि माझा बाण डावीकडच्या उताराला वळला. त्या वाटेवर एकच घर आहे, म्हाताऱ्या विणकरकाकांचं. काकू वारल्या, मुलगा-सून शहरात गेले. घरात उरले काका आणि त्यांचा हातमाग.

आता पाहुणे थेट काकांच्या दारात जाऊ लागले. गावात मोबाइलला रेंज फक्त माझ्यापाशी येते. त्यामुळे काका संध्याकाळी मला टेकून मुलाशी बोलतात आणि मला सगळं कळतं.

“अरे, आज एका बाईंनी चपला काढून मागालाच हात जोडले! म्हणाल्या, काय शांतता आहे हो इथे! म्हटलं, असणारच. तुझी आई गेल्यापासून आहे.”

“बाबा, पुरे आता. इकडे या. तिथे कोण आहे तुमचं?”

“मला सवड कुठाय? रोज माणसं येतात. त्यांना चहा पाजायचा, विहारापर्यंत पोचवायचं. तू आणि तुझा चौथा मजला, दोघं सुखी राहा!”

मग एके दिवशी पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. काका तेव्हा माझ्यापाशीच होते. त्यांनी मला पाहून कपाळाला हात लावला.

“काका, लोकांची दिशाभूल होतेय!”

“होऊ द्या की थोडी. पुढे मीच नेतो ना त्यांना.”

“नियमात बसत नाही.”

“मग नियम राहू दे उभा, तुम्ही बसा. चहा टाकतो.”

साहेबांनी चहा घेतला आणि बाण सरळ केला. खांबाभोवती सिमेंट ओतलं. “आता कशी शोभतेय!” म्हणून माझा फोटो काढला. आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

आता पाहुणे सरळ वर जातात, फोटो काढतात, उतरतात. काका मात्र फोनवर अजून सांगतात, “आज चौघं आली होती. उठायलाच तयार नाहीत!” दिवसभर फाट्यावर मीच असते, डावीकडे कुणीही गेलेलं नसतं. पण मी पत्र्याची. खोटं कळलं तरी बोलत नाही.

मुलाला मात्र आवाजावरून कळलं असावं. काल तो म्हणाला, “बाबा, थंडी पडायच्या आत न्यायला येतो. आता नाही म्हणू नका.”

काकांनी फोन खिशात ठेवला. इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या खांबाला खांदा लावला.

“हल की गं बाई, जराशी.”

मी जीव तोडून प्रयत्न केला. पण ते सिमेंट, कधी नव्हे ते, चांगलं निघालं.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा गंज काढा, असं मी म्हणणार नाही. फाट्यावर आलात की माझ्याकडे नीट बघा. बाण उजवीकडे आहे याची खात्री करा आणि डावीकडे जा. विहार दोन हजार वर्षं तिथेच आहे, तुमच्या एका चहापुरता अजून थांबेल. काकांपाशी थंडी पडेपर्यंतच वेळ आहे.